मेनफ्रेमवर थांबायचं कोणी?

बहुतेक सर्व्हरवर प्रोसेसर ऐंशी टक्क्यांच्या वर गेला की देखरेख करणाऱ्यांची धावपळ सुरू होते. मेनफ्रेमवर, म्हणजे बँका आणि विमान कंपन्यांसारख्या संस्था वापरतात त्या मोठ्या संगणकावर, हाच आकडा तासन्‌तास शंभरावर टेकलेला असतो आणि तरीही एटीएममधून पैसे निघत राहतात, विमानांची तिकिटं आरक्षित होत राहतात, विम्याचे हप्ते जमा होत राहतात. ही यंत्रं महाग असतात, त्यांची क्षमता रिकामी ठेवणं परवडत नाही. म्हणून ग्राहकांचे ऑनलाइन व्यवहार, मोठमोठे बॅच जॉब (माणसाची वाट न पाहता एकगठ्ठा चालणारी कामं), व्यवस्थापनाचे अहवाल, प्रोग्रामरांच्या चाचण्या असं सगळं एकाच यंत्रावर एकाच वेळी चालवलं जातं.

पण प्रोसेसर शंभर टक्के व्यस्त आहे याचा अर्थ, त्या क्षणी कोणतं तरी काम तयार असूनही थांबलेलं आहे. ते कोणतं, यावर सगळं ठरतं. उद्यापर्यंत कुणाला नको असलेला अहवाल थांबला तर बाहेर पत्ताही लागत नाही. पैसे काढणाऱ्याचा व्यवहार थांबला तर थोड्याच वेळात फोन वाजू लागतात. यंत्र तेच, भार तोच, बदलली ती फक्त थांबणाऱ्याची निवड. आयबीएमच्या झेडओएस या मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही निवड वर्कलोड मॅनेजर, म्हणजे डब्ल्यूएलएम नावाचा घटक करतो. मेनफ्रेममधल्या इतक्या विचारपूर्वक घडवलेल्या गोष्टी मोजक्याच असतील, आणि तरीही अनेक ठिकाणी तो चुकीच्या समजुतीवर चालवला जातो. म्हणून हा लेख.

आधी नुसते क्रमांक होते

प्रत्येक कामाला एक डिस्पॅचिंग प्रायॉरिटी असते, ० ते २५५ मधला एक आकडा. प्रोसेसर मोकळा झाला की तयार असलेल्या कामांपैकी ज्याचा आकडा सर्वांत मोठा, ते काम तो उचलतो. ही यंत्रणा आजही तशीच आहे. फरक पडला तो आकडा कोण ठरवतं यात. झेडओएसची पूर्वज असलेल्या जुन्या एमव्हीएसच्या काळात सिस्टिम प्रोग्रामर हे आकडे आणि त्यांचे नियम पॅरामीटरच्या फायलींत स्वतः लिहीत. दिवसासाठी एक संच, रात्रीसाठी दुसरा, आणि बदलायची वेळ झाली की ऑपरेटर कमांड देई.

अडचण अशी, की आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो. २२८ प्रायॉरिटी म्हणजे उत्तर किती वेळात मिळेल? सांगता येत नाही. वर कोण बसलंय, ते किती खातंय, यावर ते अवलंबून. ग्राहकसेवा विभाग म्हणणार, ‘आम्हाला अर्ध्या सेकंदात उत्तर हवं.’ त्या वाक्याचं २२८ मध्ये रूपांतर करायची जबाबदारी सिस्टिम प्रोग्रामरवर, आणि एखादं नवं ॲप्लिकेशन आलं की सगळी मांडणी पुन्हा पहिल्यापासून.

१९९४ मध्ये एमव्हीएस/ईएसएच्या ५.१ आवृत्तीबरोबर डब्ल्यूएलएम आला आणि त्याने हा प्रश्न उलटा केला. माणसाने अपेक्षा सांगायची, आकडे यंत्र ठरवील आणि परिस्थिती बदलेल तसे बदलत राहील. काही वर्षं दोन्ही पद्धती शेजारी शेजारी होत्या. झेडओएस १.३ मध्ये, म्हणजे २००२ साली, जुनी पद्धत काढून टाकली गेली.

अपेक्षा सांगायची कशी

यंत्रात शिरणारं प्रत्येक काम आधी ओळखावं लागतं. त्यासाठी वर्गीकरणाचे नियम लिहिलेले असतात: अमुक नावाने सुरू होणारे बॅच जॉब या गटात, तमुक युजर आयडीकडून डीबीटू या डेटाबेसकडे आलेल्या क्वेरी, म्हणजे माहितीच्या मागण्या, त्या गटात. या गटाला सर्व्हिस क्लास म्हणतात. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळलेला नियम लागू होतो, त्यामुळे त्यांच्या क्रमाकडे लक्ष हवं. नेटवर्कवरून डीबीटूकडे आलेली क्वेरी कोणत्याच नियमात बसली नाही, तर ती सिसअदर नावाच्या गटात जाऊन पडते. तिथे कसलंच उद्दिष्ट नसतं. यंत्र मोकळं असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि गर्दीच्या दिवशी ती क्वेरी जागची हलत नाही. नवं ॲप्लिकेशन जोडलं की आधी सिसअदरमध्ये काही साचतंय का, ते बघावं.

सर्व्हिस क्लासला एक उद्दिष्ट द्यायचं असतं. छोट्या, भरपूर संख्येने येणाऱ्या व्यवहारांसाठी रिस्पॉन्स टाइम, म्हणजे उत्तर किती वेळात मिळावं, हे सर्वांत सरळ. इथे सरासरीचा मोह टाळावा. समजा शंभर व्यवहारांपैकी नव्याण्णव ०.२ सेकंदात झाले आणि एक ३० सेकंद चालला. सरासरी जवळपास अर्ध्या सेकंदावर जाते. उद्दिष्ट ०.३ सेकंदाचं असेल तर यंत्र समजेल की हा गट अडचणीत आहे, आणि दुसऱ्या कुणाचा तरी हिस्सा काढून याला देऊ लागेल. प्रत्यक्षात नव्याण्णव जण समाधानी आहेत. त्याऐवजी ‘९० टक्के व्यवहार ०.३ सेकंदाच्या आत’ असं उद्दिष्ट लिहिलं, तर त्या एका लांबलेल्या व्यवहारामुळे बाकीच्यांचं चित्र बिघडत नाही.

काही कामं मात्र संपतच नाहीत, किंवा क्वचित संपतात. दिवसभर चालू असलेला सर्व्हर, तासभर चालणारा बॅच जॉब. त्यांचा रिस्पॉन्स टाइम मोजणार कसा? त्यांच्यासाठी एक्झिक्युशन वेलॉसिटी आहे. डब्ल्यूएलएम सेकंदाला चार वेळा प्रत्येक कामाकडे पाहतो आणि नोंद करतो: हे काम आत्ता प्रोसेसर वापरतंय, की वापरायला तयार असून ताटकळतंय? वापराच्या नोंदी भागिले वापर आणि ताटकळणं यांची बेरीज, गुणिले शंभर, ही वेलॉसिटी. एखादा माणूस खिडकीशी दहा मिनिटं होता आणि रांगेत तीस मिनिटं उभा होता, तर त्याची वेलॉसिटी २५. मधे तो जेवायला गेला असेल तर तो वेळ हिशेबात येत नाही. डेटाबेसच्या लॉकसाठी (दुसरं काम वापरत असलेल्या माहितीवरचं तात्पुरतं कुलूप) किंवा नेटवर्कच्या उत्तरासाठी थांबलेला वेळही असाच बाहेर राहतो, कारण तो डब्ल्यूएलएमच्या हातात नसतो.

म्हणजे वेलॉसिटी हा वेग मुळीच नाही. ती सांगते की या कामाला किती अडवलं गेलं. म्हणूनच नवं यंत्र आलं, प्रोसेसरांची संख्या बदलली, की जुने वेलॉसिटीचे आकडे तपासावे लागतात. जास्त प्रोसेसर असले की रांगा आपोआप कमी होतात आणि काल ४० मिळवणाऱ्या कामाला आज काही न करता ६० मिळू शकतात. उद्दिष्ट मात्र ४० वरच राहिलं, तर ते काम आता ‘गरजेपेक्षा जास्त मिळालेलं’ ठरतं. त्याचा परिणाम पुढे येतो.

तिसरा प्रकार डिस्क्रिशनरी. यात उद्दिष्टच नाही. उरलंसुरलं मिळेल त्यावर चालायचं. या कामांची डिस्पॅचिंग प्रायॉरिटी १९२ ते २०१ या तळच्या पट्ट्यात असते. दुसऱ्या टोकाला ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची अत्यावश्यक कामं, त्यांना २५५ आणि २५४. त्यात माणसाने लुडबुड करायची नसते.

महत्त्व म्हणजे प्रायॉरिटी नव्हे

उद्दिष्टाबरोबर १ ते ५ असा इम्पॉर्टन्सचा आकडा द्यावा लागतो. १ म्हणजे सर्वांत महत्त्वाचं. सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. बहुतेकांना वाटतं की १ दिला म्हणजे ते काम नेहमी सर्वांच्या पुढे. तसं नाही. इम्पॉर्टन्स विचारात घेतला जातो तो उद्दिष्ट चुकू लागल्यावर. सगळ्यांची उद्दिष्टं पुरी होत असतील, तर इम्पॉर्टन्स ३ चं कडक उद्दिष्ट असलेलं काम हे इम्पॉर्टन्स १ च्या सैल उद्दिष्टाच्या कामापेक्षा वरच्या प्रायॉरिटीवर बिनधास्त चालू शकतं. ज्याला दोन सेकंद चालतात त्याला दोन सेकंदांत उत्तर मिळतंय, मग त्याला पुढे ढकलायचं कशाला?

कोण किती अडचणीत आहे हे परफॉर्मन्स इंडेक्सवरून कळतं. उद्दिष्ट अर्ध्या सेकंदाचं आणि प्रत्यक्षात लागले ०.८ सेकंद, तर इंडेक्स १.६. वेलॉसिटीचं उद्दिष्ट ४० आणि मिळाली २५, तरी इंडेक्स १.६. दोन अगदी वेगळ्या स्वरूपाची कामं अशी एकाच पट्टीने मोजता येतात, हे मला फार मोलाचं वाटतं. १ म्हणजे नेमकं ठरल्याप्रमाणे, १ च्या वर म्हणजे हाल, १ च्या खाली म्हणजे ठरल्यापेक्षा चांगलं चाललंय.

आता यंत्र काय करतं ते पाहा. दर १० सेकंदांनी डब्ल्यूएलएम सगळे इंडेक्स तपासतो. उद्दिष्ट चुकलेल्यांत सर्वांत महत्त्वाच्या पातळीवर ज्याची स्थिती सर्वांत वाईट, त्याला मदत घेणारा म्हणून निवडतो. मग त्याला नक्की कशाची कमतरता आहे ते शोधतो: प्रोसेसरची, मेमरीची, की आणखी कशाची. प्रोसेसर कमी पडत असेल तर देणारा शोधतो. कमी महत्त्वाचं काम, किंवा ज्याला ठरल्यापेक्षा चांगलं मिळतंय असं काम. पण लगेच हिसकावून घेत नाही. आधी जमवलेल्या नोंदींवरून अंदाज बांधतो, की ही अदलाबदल केली तर घेणाऱ्याचा इंडेक्स किती सुधारेल आणि देणाऱ्याचा किती बिघडेल. एकंदरीत फायदा दिसला तरच प्रायॉरिटीचे आकडे बदलतात. नाहीतर दुसरा देणारा, किंवा दुसरा घेणारा.

या पद्धतीतून दोन गोष्टी निघतात. एक, साधारणपणे एका फेरीत एकालाच मदत होते, त्यामुळे अचानक आलेली लाट सावरायला काही फेऱ्या जातात. पाच सेकंदांच्या झटक्यावर डब्ल्यूएलएमकडे उपाय नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: उद्दिष्ट खोटं असेल तर त्यावरचा निर्णयही खोटा होतो. कधीच गाठता येणार नाही असं उद्दिष्ट दिलं, तर त्या गटाचा इंडेक्स कायम ३ वर राहतो आणि त्याला मदत करण्याच्या प्रयत्नांत फेऱ्या वाया जातात. उलट फार सैल उद्दिष्ट दिलं, तर मोकळ्या दिवसांत काम भराभर होतं, पण गर्दीच्या दिवशी हाच गट देणारा ठरतो आणि त्याला बरोबर त्या सैल उद्दिष्टापर्यंत मागे रेटलं जातं. वापरणारे तक्रार करतात, ‘कालपर्यंत तर एका सेकंदात होत होतं!’ यंत्राच्या दृष्टीने सगळं ठीक आहे, कारण लिहिलेलं वचन पाच सेकंदांचं होतं. हार्डवेअर बदलल्यावर न तपासलेल्या वेलॉसिटीचंही हेच होतं.

लहान कोण, मोठं कोण

क्वेरी आली तेव्हा ती क्षणात संपणारी आहे की तासभर यंत्र अडवून ठेवणारी, हे आधी कसं कळावं? नावावरून कळत नाही. डब्ल्यूएलएमचा यावरचा उपाय मला अतिशय देखणा वाटतो. सर्व्हिस क्लासचे टप्पे पाडायचे. पहिल्या टप्प्यात कडक उद्दिष्ट, इम्पॉर्टन्स २. प्रोसेसरसारख्या साधनांचा ठरावीक वापर झाला आणि काम अजून संपलेलं नाही, तर ते दुसऱ्या टप्प्यात, जिथे उद्दिष्ट जरा सैल, इम्पॉर्टन्स ४. त्यातही संपलं नाही तर शेवटचा टप्पा डिस्क्रिशनरी. म्हणजे प्रत्येक क्वेरीला सुरुवातीला आपण लहान आहोत असं दाखवायची संधी मिळते. ज्या लहान असतात त्या पहिल्याच टप्प्यात बाहेर पडतात. मोठ्या क्वेरी आपल्या वागण्यानेच मागे सरकतात, कुणी त्यांच्यावर शिक्का मारावा लागत नाही. मर्यादा कुठे ठेवायची ते अहवालात पाहून ठरवावं. पाचपैकी चार तरी क्वेरी पहिल्या टप्प्यात संपाव्यात, इतपत जागा मी ठेवतो.

तळातलं काम जेव्हा वरच्याला अडवतं

प्रायॉरिटीच्या कोणत्याही व्यवस्थेत एक सापळा असतो. कमी महत्त्वाच्या जॉबने एखादा लॉक धरला आणि तेवढ्यात यंत्र भरून गेलं. आता त्या जॉबला प्रोसेसर मिळत नाही, त्यामुळे लॉक सुटत नाही, आणि तोच लॉक हवा असलेलं सर्वांत महत्त्वाचं काम ताटकळत बसतं. मधल्या पातळीवरची कामं मात्र आरामात चाललेली असतात. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होता. हवामानाच्या नोंदी घेणारं खालच्या प्रायॉरिटीचं काम एक लॉक धरून बसे आणि माहितीची देवाणघेवाण सांभाळणारं वरचं काम त्यासाठी खोळंबे. लॉक धरणाऱ्याला तेवढ्यापुरती वरची प्रायॉरिटी मिळेल अशी सेटिंग पृथ्वीवरून बदलली, तेव्हा रीसेट थांबले.

झेडओएस हेच करतं. वरचं काम खोळंबलं आहे असं दिसलं की लॉक धरणाऱ्याला थोड्या काळापुरतं वर उचललं जातं, म्हणजे तो काम उरकून लॉक सोडेल. शिवाय तयार असूनही बराच वेळ प्रोसेसरचं तोंडही न पाहिलेल्या कामांना मधूनमधून अगदी छोटे तुकडे दिले जातात. ते काम लवकर संपावं हा त्यामागचा हेतू नसतो. त्याच्या हातात अडकलेलं काही सुटावं, एवढ्यासाठीच. तळातल्या कामाला पूर्ण उपाशी ठेवणं वरच्यालाही महागात पडतं, हे ज्यांनी हे घडवलं त्यांनी ओळखलं होतं.

डब्ल्यूएलएमच्या वर आणि बाहेर

एकच मेनफ्रेम अनेक एलपारमध्ये, म्हणजे स्वतंत्र यंत्रासारख्या चालणाऱ्या भागांमध्ये, विभागलेली असते, आणि प्रत्येक एलपारमध्ये वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम चालते. एलपारांमध्ये प्रोसेसरची वाटणी हार्डवेअरच्या पातळीवर वजनांनुसार होते. वजन ६०० आणि ४०० असेल, तर दोघांनाही हवं असताना ६० आणि ४० टक्के. एक शांत असेल तर दुसरा त्याचा हिस्साही वापरू शकतो. इथून एक गोष्ट लक्षात येते, की चाचणीच्या एलपारमधल्या इम्पॉर्टन्स १ ची ग्राहकांची प्रत्यक्ष कामं चालणाऱ्या एलपारमधल्या इम्पॉर्टन्स १ शी स्पर्धा होत नाही. ते वजनांवर ठरतं. वजनं चुकली असतील तर आतल्या पॉलिसीत, म्हणजे डब्ल्यूएलएमला दिलेल्या उद्दिष्टांच्या आणि नियमांच्या संचात, कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

दुसरा संबंध पैशाचा. मेनफ्रेमच्या सॉफ्टवेअरचं शुल्क अनेक करारांत महिन्याभरातल्या वापराच्या शिखरावर ठरतं, आणि ते शिखर चार तासांच्या धावत्या सरासरीवरून मोजतात. त्यामुळे संस्था एलपारवर क्षमतेची मर्यादा घालतात. सरासरी मर्यादेला पोहोचली की यंत्रात प्रोसेसर शिल्लक असूनही तो त्या एलपारला मिळत नाही. त्या वेळी कुणाला झळ बसावी, हे पुन्हा डब्ल्यूएलएमची पॉलिसीच ठरवते. पॉलिसी नीट असेल तर खालची कामं मागे पडतात, वरची चालू राहतात आणि बिल आटोक्यात राहतं. पॉलिसीत सगळेच वरचे असतील तर ही मर्यादा सगळ्यांनाच जाचते.

पॉलिसी खरी आहे का, हे कसं बघावं

सगळेच वरचे, हा रोग सर्रास आढळतो. प्रत्येक विभाग आपलं काम महत्त्वाचं म्हणतो आणि त्यात खोटं काही नसतं. पण यंत्राचा ६०-७० टक्के वेळ इम्पॉर्टन्स १ चीच कामं खात असतील, तर गर्दीत मदत घ्यायची कुणाकडून? देणाराच उरत नाही, आणि १ चा अर्थ ३ पेक्षा वेगळा राहत नाही. म्हणून विभागांच्या बैठकीत ‘तुमचं काम किती महत्त्वाचं?’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. विचारावं, ‘एक तास यंत्र कमी पडलं, तर तुमच्यातलं कोणतं काम थांबलेलं चालेल?’ मी हा प्रश्न विचारलेला प्रत्येक विभाग थोडा वेळ गप्प राहतो, आणि मग एक तरी काम सांगतो. ते काम इम्पॉर्टन्स ४ किंवा ५ ला, नाहीतर डिस्क्रिशनरीत टाकावं.

गट कमी ठेवावेत. एका फेरीत एकालाच मदत होते, म्हणून एकाच वेळी चालू असलेले टप्पे तीसच्या आसपास राहिलेले बरे. नुसत्या अहवालासाठी वेगळे आकडे हवे असतील तर रिपोर्ट क्लास आहेत, त्यासाठी सर्व्हिस क्लास वाढवायची गरज नाही.

मग आरएमएफ या झेडओएसच्या मोजमाप करणाऱ्या साधनाचा वर्कलोड अहवाल उघडावा. महिन्यातला सर्वांत गर्दीचा तास निवडावा, कारण मोकळ्या तासात सगळ्याच पॉलिसी चांगल्या दिसतात. त्या तासात कुणाचा परफॉर्मन्स इंडेक्स १ च्या वर गेला ते इम्पॉर्टन्सच्या क्रमाने मांडावं. ५ आणि ४ मधले वर गेले असतील आणि १, २ मधले १ च्या आसपास असतील, तर जे थांबायला हवं होतं तेच थांबलं आहे. इम्पॉर्टन्स २ चा इंडेक्स १.८ आणि ५ चा ०.४ असं दिसलं, तर आधी २ चं उद्दिष्ट गाठण्यासारखं आहे का ते बघावं, मग ते काम प्रोसेसरऐवजी लॉकसारख्या डब्ल्यूएलएमच्या हाताबाहेरच्या कशासाठी तर थांबलेलं नाही ना, ते तपासावं. आणि सगळ्यांचेच इंडेक्स ०.५ च्या खाली असतील, तर उद्दिष्टं सैल आहेत. ती प्रत्यक्ष मिळणाऱ्या आकड्यांच्या जवळ आणावीत, एका वेळी एक गट, आणि प्रत्येक बदलानंतर पुढचा गर्दीचा तास येईपर्यंत थांबून.